नाव निघणार नाही

रत्नपाल खिल्लारे वकील झाला तो वडिलांच्या एका दाव्यापायी. साखऱ्याच्या गायरानातली दीड एकर जमीन अमृतराव वीस वर्षं कसत होते, आणि ती त्यांच्याकडे राहणार की जाणार याचा दावा हिंगोलीच्या कोर्टात चालू होता. तारीख असली की अमृतराव धुतलेला सदरा घालून एसटीने जायचे, दिवसभर व्हरांड्यात उकिडवे बसायचे आणि संध्याकाळी येऊन सांगायचे की फैसला काही झाला न्हाई, पुढची तारीख पडली. रत्नपाल बारावीत असताना गावातल्या एका शिक्षकाने सहज चौकशी केली, तेव्हा कळलं की दावा तीन वर्षांपूर्वीच फेटाळला गेला होता. त्यांचा वकील वारला होता आणि त्याचा कारकून अंदाजाने तारखा सांगून मोकळा होत होता. अपिलाची मुदत केव्हाच टळून गेली होती. म्हणजे तीन वर्षं अमृतराव दुसऱ्याच लोकांच्या तारखांना जाऊन बसत होते. त्यानंतर ते फार जगले नाहीत, आणि जगले तेवढे दिवस कुणाशी नीट बोललेही नाहीत.

सनद मिळाल्यावर रत्नपाल औंढेकर वकिलांच्या हाताखाली लागला. अनिरुद्ध औंढेकर हे फौजदारीतलं जिल्ह्यातलं मोठं नाव. घराणं औंढा नागनाथच्या देवळाच्या सेवेतलं, पण त्यांची स्वतःची भक्ती उलटतपासावर. त्यांनी रत्नपालला मनापासून शिकवलं. रत्नपाल मात्र कोर्टात उभा राहण्यापेक्षा कॉम्प्युटरसमोर जास्त रमायचा. पक्षकार यायचे, पुढची तारीख कधी एवढंच विचारायचे, आणि हा त्यांच्याच मोबाइलवर ते कसं बघायचं हे शिकवत बसायचा. मग त्याने ते लिहून काढायला सुरुवात केली. 'वकील ऑनलाइन' नावाचा ब्लॉग सुरू झाला. सातबारा घरबसल्या कसा काढायचा, केस नंबर माहीत नसला तर केस कशी शोधायची, खोटा मेसेज कसा ओळखायचा, असं साध्या मराठीत, आपल्या भागातले दाखले देऊन तो लिहायचा. दोन वर्षांत हा ब्लॉग कोल्हापूरपासून गडचिरोलीपर्यंत वाचला जाऊ लागला.

त्यातूनच 'फैसला' ही साइट निघाली. पुण्यात नोकरी करणारा, हिंगोलीचाच श्रेयस नावाचा इंजिनिअर ब्लॉग वाचून त्याला भेटायला आला. खालच्या कोर्टांचे निकाल सरकारी साइटवर असतात, पण स्कॅन केलेल्या कागदांच्या रूपात. केस नंबर हाताशी नसेल तर सामान्य माणसाला ते सापडत नाहीत. श्रेयसने ते सगळे वाचून त्यातला शब्द न् शब्द शोधता येईल असा प्रोग्राम लिहिला. नाव टाका, गाव टाका, निकाल समोर. रत्नपालने काळा कोट घरी खुंटीला लावला, श्रेयसने नोकरी सोडली, आणि हिंगोलीच्या बसस्टँडमागे एका मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्यांत कंपनी उभी राहिली. औंढेकर वकिलांना वाईट वाटलं, पण ते एवढंच म्हणाले की परत यावंसं वाटलं तर खुर्ची आहे.

साइट चालली. रोज हजारो माणसं यायची. आणि मग नावं काढून टाका म्हणणारेही येऊ लागले. सगळ्यात आधी आला एक कंत्राटदार. मजुराला बांधून मारल्याबद्दल त्याला खालच्या कोर्टाने शिक्षा केली होती, वरच्या कोर्टात अपील चालू होतं, आणि नाव टाकलं की पहिल्यांदा तोच निकाल उघडायचा. आधी पेढ्याचा बॉक्स आला, मग चार माणसं आली, मग ऑफिसच्या काचा फुटल्या. रत्नपाल हलला नाही. त्याने ब्लॉगवर लेख लिहिला, 'नाव निघणार नाही'. न्याय उघड्यावर होतो, तो पुन्हा कपाटात ठेवायचा नाही, माझ्या बापाला तीन वर्षं स्वतःचा निकाल कुणी दाखवला नाही, तेव्हा इथे कुणाचंही नाव कुणाच्याही सांगण्यावरून निघणार नाही, असं त्यात होतं. तो लेख महाराष्ट्रभर फिरला. वर्तमानपत्रांत फोटो आला, पुण्यामुंबईची भाषणाची आमंत्रणं आली. साखऱ्यात आई सोजराबाईंनी तो फोटो अमृतरावांच्या फोटोशेजारी लावला.

त्याची बायको राणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिने लेख दोनदा वाचला आणि म्हणाली, "बायकांच्या केसेस तेवढ्या वगळा. घरातल्या मारहाणीच्या, फारकतीच्या. त्या काही कंत्राटदार नाहीत."

रत्नपालने तिला समजावलं की आज बायकांसाठी नियम मोडला तर उद्या प्रत्येक कंत्राटदार बायकोला पुढे करील. नियम म्हणजे सगळ्यांना सारखा. राणीने वाद घातला नाही. तिला वाद घालून उपयोग नाही असं ज्या दिवसांत वाटायला लागलं, ते हेच दिवस होते.

मिनाचा मेसेज आला तेव्हा रत्नपाल पुण्यात होता. एका मोठ्या परिषदेत त्याचं भाषण होतं, आणि त्याच दिवशी कंपनीत पैसा घालायला तयार असलेल्या लोकांशी पहिली भेट ठरली होती. हॉटेलच्या खोलीत चहा पिता पिता तो साइटवर आलेल्या विनंत्या बघत होता. मेसेज असा होता:

'सर मी मिना. गुगलवर माझे नाव टाकले की तुमची साइट उघडते त्यात मी आता कुठे राहते ते लिहिले आहे. माझा नवरा मोबाइल बघतो. कृपया माझे नाव काढा. मुलगी लहान आहे.'

खाली फोन नंबर होता. अशा विनंत्यांसाठी रत्नपालने तीन ठरीव उत्तरं स्वतः लिहून ठेवली होती. तिसरं होतं ते असं: न्यायालयाचे आदेश हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत, आमच्या धोरणानुसार कोणत्याही पक्षकाराचे नाव विनंतीवरून काढले जात नाही, आपण संबंधित न्यायालयाकडे अर्ज करू शकता. 'मुलगी लहान आहे' इथे तो क्षणभर थांबला. तो थांबला होता, हे त्याला पुढे नेमकं आठवायचं. तेवढ्यात खालून गाडी आल्याचा फोन आला. त्याने तीन नंबरचं उत्तर पाठवलं आणि तो जिना उतरला. भाषण उत्तम झालं.

पाच आठवड्यांनी, मार्चमध्ये, तो पैसे घालणाऱ्यांसाठी तक्ते तयार करत बसला होता. कुठल्या जिल्ह्यात कुठली नावं सगळ्यात जास्त शोधली जातात, असा एक तक्ता होता. हिंगोली जिल्ह्याच्या यादीत एक आमदार, एक पतसंस्था, तो कंत्राटदार, आणि चौथ्या नंबरावर एका बाईचं नाव. हे नाव कुठेतरी वाचलंय असं त्याला वाटलं. वाचलं होतं ते चार दिवसांपूर्वीच्या पेपरात. कुरुंद्यात हळदीच्या गोदामात काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या विवाहितेचा नवऱ्याने भोसकून खून केला होता. बातमी त्याने चहाबरोबर वाचून बाजूला ठेवली होती. लोकांनी बातमी वाचून नाव शोधलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि साइटच्या नोंदी उघडल्या.

नोंदी बातमीच्या आधीच्या होत्या. खुनाच्या अकरा दिवस आधी एका मोबाइलवरून पहिल्यांदा नुसतं मिनाचं नाव टाकलं गेलं होतं. मग नाव आणि नवऱ्याचं आडनाव. मग नाव आणि बापाचं आडनाव. तिथे निकाल सापडला. पोटगीच्या अर्जावर एकतर्फी झालेला चार पानी आदेश. नवरा कधी कोर्टात आलाच नव्हता. त्याच्यावर पोटगी न भरल्याचं वॉरंट होतं, त्यामुळे तो कोर्टाच्या आसपासही फिरकत नव्हता. आदेशाच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की अर्जदार ही सध्या आईसह मौजे कुरुंदा येथे राहत असून तेथील हळदीच्या गोदामात मजुरी करते. ते पान त्या मोबाइलवर नऊ वेळा उघडलं गेलं होतं. शेवटचं, खुनाच्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मिनाला नवऱ्याने गोदामाच्या फाटकात साडेआठला गाठलं होतं.

मग रत्नपालने विनंत्यांची यादी उघडून तिचं नाव टाकलं. मेसेज निघाला, आणि त्याच्याखाली त्याचं उत्तर.

श्रेयस शेजारच्या खोलीतून आला तेव्हा रत्नपाल खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेला होता. श्रेयसने सगळं वाचलं आणि दार लावून घेतलं. त्याची बायको अनुश्री तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. पुण्याची नोकरी सोडून तो चार वर्षं यात राबला होता. तो म्हणाला, "दादा, आपण काही केलेलं नाही. कोर्टाने लिहिलं, आपण फक्त दाखवलं. कायदा तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त कळतो."

कायदा खरंच त्यांच्या बाजूने होता. रत्नपालने तो मनातल्या मनात पुन्हा तपासला, आणि तपासताना त्याला स्वतःचीच शिसारी आली.

श्रेयस पुढे म्हणाला की नोंदी नव्वद दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, पोलिसांनी काही विचारलेलं नाही, पाहणारे साक्षीदार चार आहेत, आरोपी जागेवर पकडलाय. "आपल्याला खोटं बोलायचं नाहीये. आपण फक्त काहीच करायचं नाही."

त्या संध्याकाळी रत्नपालने राणीला सांगितलं. ती पोरांच्या वह्या तपासत होती. वही मिटून तिने विचारलं, तुम्ही तो मेसेज वाचला होता की तसंच उत्तर गेलं? वाचला होता, तो म्हणाला. ती उठून आत गेली. तिने पूर्वी काय सुचवलं होतं ते तिने त्या दिवशी काढलं नाही आणि नंतरही कधी काढलं नाही. रत्नपालला वाटायचं, काढलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्याने नोंदींच्या प्रती काढून, त्या खऱ्या असल्याच्या सही केलेल्या प्रमाणपत्रासह कुरुंद्याच्या पोलीस ठाण्यात दिल्या. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने कागद उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं की वकीलसाहेब, केस तशीच पक्की आहे, तुमी काहून मधी पडून राहिले? रत्नपालने सांगितलं की आरोपी उद्या म्हणेल, बायको अचानक दिसली, भांडण झालं, रागाच्या भरात घडलं. हे कागद सांगतील की तो अकरा दिवस तिला शोधत होता. अधिकाऱ्याने मान हलवली आणि जबाब घ्यायला बसला. मिनाच्या मेसेजबद्दल त्याने विचारलं नव्हतं. रत्नपालने ते आपणहून लिहून घ्यायला लावलं.

ठाण्यातून तो मिनाच्या आईकडे गेला. पद्माबाई गावाच्या कडेला एका पत्र्याच्या खोलीत राहत होत्या. दारात हळद वाळत घातली होती आणि सहा-सात वर्षांची एक मुलगी कावळे हाकत बसली होती. पद्माबाईंना वाटलं, कुणी सरकारी माणूस मदतीचे फॉर्म घेऊन आलाय. त्यांनी त्याला पाणी दिलं, बसायला पोतं दिलं. रत्नपालने पाणी पिण्याआधी सांगून टाकलं. साइट म्हणजे काय हे त्यांना नीट कळेना, म्हणून त्याने मोबाइल काढून दाखवलं, मिनाचा मेसेज वाचून दाखवला, आणि आपलं उत्तरही.

पद्माबाईंनी मेसेज पुन्हा एकदा वाचायला लावला. त्यांना वाचता येत नव्हतं. लेकीने काय लिहिलं होतं ते त्यांना आज कळत होतं. मग त्या म्हणाल्या, "तिनं मला सांगितलं व्हतं. म्हणली, आये, वकील मानूस हाय, बापाच्या दुखापायी काम करून राहिला, त्याला कळंल."

रत्नपालने मोबाइल खाली ठेवला.

"तुमी वाचलं व्हतं का हे?"

"व्हय."

"आन् न्हाई म्हणले."

"व्हय. आता काढलंय तिचं नाव. सगळीकडून काढलं."

पद्माबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला त्या चेहऱ्याकडे बघवेना. "आता काहून काढलं?" त्यांनी विचारलं. त्या उठल्या, मुलीच्या हातातली काठी घेऊन स्वतः हळदीपाशी जाऊन बसल्या, आणि तो निघून जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच राहिला.

पुढचे दोन महिने त्याने एकच काम केलं. आजपर्यंत नकार दिलेल्या सगळ्या विनंत्या काढल्या. एकशे बारा होत्या. त्यातल्या एकाहत्तर बायकांच्या. बायकांचे ते सगळे निकाल त्याने साइटवरून उतरवले आणि एकेकीला फोन लावला. काहींनी आभार मानले, ते ऐकणं जड गेलं. एकीने विचारलं की आता उतरवून काय, माझं जमलेलं लग्न मोडलं त्यालाच वर्ष झालं. एक फोन पुरुषाने उचलला. कोण बोलतंय, तिच्याशी काय काम, असं तो दरडावून विचारू लागला. रत्नपालने फोन ठेवला, आणि आपण पुन्हा एका बाईच्या घरात काय करून बसलो या धास्तीने तो दोन दिवस त्या गावच्या पोलीस ठाण्याला फोन लावत राहिला. तिचं पुढे काय झालं, हे त्याला कधीच कळलं नाही. तो नंबर नंतर बंदच लागला.

ब्लॉगवर त्याने शेवटचा लेख लिहिला. मिनाचं नाव न घेता, पण स्वतःचं काही न झाकता. तो लेख 'नाव निघणार नाही'पेक्षाही जास्त वाचला गेला. निम्म्या लोकांनी त्याला खुनी म्हटलं. बाकीच्यांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि ते कौतुक त्याला शिव्यांपेक्षा बोचलं. त्याने प्रतिक्रिया बंद केल्या. पैसे घालणार होते त्या पुण्याच्या लोकांनी नम्र पत्र लिहून अंग काढून घेतलं. कंत्राटदाराच्या माणसांनी लेखाच्या प्रती काढून हिंगोलीत वाटल्या. श्रेयस महिनाभर ऑफिसात येत राहिला, मग एक दिवस चावी टेबलावर ठेवून म्हणाला की दादा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण मला लेकरू होणार आहे. तो पुण्याला परत गेला. जूनमध्ये 'फैसला' बंद झाली. त्यानंतर साखऱ्यातल्याच एका म्हाताऱ्याने रत्नपालला गाठून विचारलं की माझा निकाल आता कुठं बघू? तेव्हा मात्र तो घरी येऊन रडला.

खटला वसमतच्या कोर्टात दोन वर्षांनी उभा राहिला. आरोपीची बाजू औंढेकर वकिलांनी घेतली होती. त्यांचं म्हणणं तेच होतं, जे रत्नपालने ओळखलं होतं: दोघांची गाठ अचानक पडली, बाईने सर्वांसमोर अपमान केला, गोदामातलं हळद कापायचं हत्यार त्याच्या हाती आलं, क्षणाचा राग. रत्नपाल सातवा साक्षीदार होता. ज्या पिंजऱ्यासमोर उभं राहायला औंढेकरांनी त्याला शिकवलं होतं, त्यात तो आता चढला.

औंढेकरांनी त्याला आधी नोंदींवर घोळवलं. मोबाइल आरोपीचाच होता कशावरून, दुसऱ्या कुणी वापरला नसेल कशावरून. ते साधलं नाही, तसा त्यांनी सूर बदलला. पत्ता कुणालाही बघता येत होता, हे खरं ना? खरं. बाईने तो काढायची विनंती केली होती? केली होती.

"मग तुम्ही काय केलंत?"

"नाही म्हणालो."

"काहीतरी कारण असेल."

"नियम होता."

"कुणी केलेला नियम?"

"मी."

औंढेकर पिंजऱ्याजवळ आले. मग म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला तुम्ही हे कागद घेऊन इथे आलात. आरोपीच्या गळ्यात टाकायला."

"ओझं उतरणार नाही, साहेब," रत्नपाल म्हणाला. "पण नोंदी खऱ्या आहेत."

मागच्या बाकावर पद्माबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. रत्नपाल पिंजऱ्यातून उतरून त्यांच्या समोरून गेला. त्या समोर न्यायाधीशांकडे बघत होत्या.

निकाल लागला, खून शाबीत झाला, जन्मठेप. अकरा दिवसांच्या शोधावरून पूर्वतयारी दिसते, असं न्यायाधीशांनी लिहिलं. सरकारी वकिलाने रत्नपालचा हात हातात घेऊन सांगितलं की तुमच्या साक्षीनेच हे झालं. रत्नपालने हात सोडवून घेतला. औंढेकर कागद गोळा करून शेजारून निघून गेले. खुर्चीचं ते पूर्वी बोलले होते, तो विषय त्यांनीही काढला नाही आणि यानेही नाही.

रत्नपाल आता सेनगावच्या कोर्टात वकिली करतो. काम बेताचं आहे. घर बरंचसं राणीच्या पगारावर चालतं. बायकांचे अर्ज असले की पत्ता सीलबंद ठेवावा अशी वेगळी विनंती तो पहिल्याच दिवशी करतो. कधी मान्य होते, कधी होत नाही. झाली नाही, की तो त्या बाईला व्हरांड्यात घेऊन जातो आणि कागदावर काय काय लिहिलं जाणार आहे ते ओळीने वाचून दाखवतो. मग विचारतो, करायचा का अर्ज? काही बायका नको म्हणतात आणि उठून परत त्याच घरी जातात. त्यांना थांबवायला त्याच्याकडे काही नसतं.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी वसमतच्या स्टँडवर त्याला पद्माबाई दिसल्या. नात चांगली उंच झाली होती, पाठीला शाळेचं दप्तर होतं. पद्माबाईंनी त्याला ओळखलं. क्षणभर त्याला वाटलं, त्या काही बोलतील. त्यांनी मुलीचा हात धरला, तिला आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं, आणि कुरुंद्याच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. गाडी सुटेपर्यंत रत्नपाल तिथेच खांबाजवळ उभा होता.